परत मागितलेलं वाण

सुमनाक्कांच्या घरात नळाच्या तोंडाला पांढरं फडकं कायम बांधलेलं असायचं. पाणी गाळून झालं की त्या ते फडकं मोरीत पिळत नसत. परसातल्या हौदाशी नेऊन, चांगलं पाणी वरून सोडून, अलगद धुवायच्या. "त्यात जीव असत्यात बाई. त्येंचं घर पाण्यात, मोरीत कशाला ढकलायचं?" जिन्यात मुंग्यांची रांग लागली तर मला खालून हाक यायची, "बाई, कडंकडंनं उतरा." मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. मला हसू यायचं, पण मी कडेकडेनंच उतरायचे.

निपाणीत सहा वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले. खाली पुढं औषधाचं दुकान, मागं त्यांचं घर, वर मी. दुकानाचं लायसन अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या नावाचं. पण अण्णा दुपारी जेवून जे आडवे व्हायचे ते चारपर्यंत, आणि तेवढा वेळ काउंटरवर सुमनाक्का. शिक्षण सातवी, तेही कानडीतून. औषधांची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नसत. त्या खोक्याच्या रंगावरून ओळखायच्या. "निळ्या पट्टीची", "गुलाबी टोपणाची", "त्या सूर्याचं चित्र असल्याली". गिऱ्हाईक कानडी निघालं की "बर्री, कुंडर्री", मराठी निघालं की "या, बसा की". आणि खरंच बसवायच्या. निपाणीतल्या दुसऱ्या कुठल्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी बाकडं मी पाहिलं नाही. बायका खोकल्याचं औषध घ्यायला यायच्या आणि सासूचं गाऱ्हाणं सांगून जायच्या. दोन्हीवर सुमनाक्कांकडं इलाज असायचा.

त्यांची स्मरणशक्ती अचाट होती आणि अगदी एकाच प्रकारची होती. कुठल्याही कार्यक्रमात कोण कुठं बसलं होतं ते त्यांना वर्षानुवर्षं आठवायचं. एका बारशात कुणाचं तरी जोडवं हरवलं. सगळ्यांनी सतरंज्या झटकल्या. सुमनाक्का डोळे मिटून म्हणाल्या, "खांबाजवळ चिकोडीची मावशी, तिच्या डावीकडं तू, तुझ्यापुढं पाटलांची सून, तिच्या मांडीवर पोरगं. पोराचं टोपडं बघा." जोडवं टोपड्यात निघालं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की ऐकणाऱ्याला चौथ्यांदा ऐकतोय असं म्हणायचा धीर होत नसे.

तंबाखूच्या मोसमात निपाणीच्या हवेत एक बारीक, चुणचुणणारी धूळ असते. पहिल्याच वर्षी माझ्या कोपराच्या लवणीत खाज उठली. सुमनाक्कांनी निळ्या पट्टीची ट्यूब हातावर ठेवली. "दोन दिस लावा, नाव घेणार न्हाय." तसंच झालं. तिसऱ्या दिवशी कातडी अशी नितळ की इथं काही होतं यावर विश्वास बसू नये. इतक्या लवकर इतकं बरं वाटतं ते का, हा प्रश्न मी पोरांना परीक्षेत विचारला असता. स्वतःला विचारला नाही. खोक्यातला घडीचा कागद तर मी उलगडलासुद्धा नाही.

पाचव्या वर्षीच्या संक्रांतीला त्यांच्याकडं हळदीकुंकू होतं. वाण काय द्यायचं यावर त्या पंधरा दिवस विचार करत होत्या. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, आरसे, सगळं त्यांनी नापास केलं. "फडताळात पडून राहतंय ते कसलं वाण? उपयोगाला आलं पाहिजे." आणि संक्रांतीदिवशी हळदकुंकू लावून, तिळगूळ देऊन, त्यांनी आलेल्या प्रत्येक बाईच्या ओटीत एक एक ट्यूब घातली. निळ्या पट्टीची. एक्केचाळीस बायका, एक्केचाळीस ट्यूबा. एक मलाही मिळाली. औषधाच्या दुकानवालीलाच सुचेल असं वाण, असं मी कौतुकानं म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

वाण गाजलं. कुणाची मानेची खाज गेली, कुणाचे चेहऱ्यावरचे वांगाचे डाग फिके पडले. लग्नाच्या पोरींना कळलं की हिनं रंग उजळतो. मग ट्यूब संपली की बायका दुकानात यायच्या, दुपारी, सुमनाक्का असतानाच. वखारीत तंबाखू निवडायला जाणारी लक्ष्मी सगळ्यात जास्त यायची. तिचा विराज संक्रांतीला दोन महिन्यांचा होता. लंगोटाच्या जागी त्याला लाल पुरळ उठायचं. ट्यूब लावली की बसायचं, थांबवली की उठायचं. म्हणून ती दर लंगोटाला लावायची. पाडव्यानंतर तिचा नवरा कामाला गोव्यात गेला आणि ती माहेरी, खानापूरकडं नंदगडजवळच्या खेड्यात निघाली. "तिकडं मिळंल न मिळंल," म्हणून सुमनाक्कांनी स्वतः दहा-बारा ट्यूबा पिशवीत घालून दिल्या. बाळाचा गाल ओढून म्हणाल्या, "कसा लोण्याचा गोळा झालाय बघा!" गाल खरंच भरले होते.

जुलैत आमच्या शेजारच्या रेश्माचा चेहरा पेटला. पोरगी कॉलेजात शिकणारी. चार महिने चेहरा गोरापान दिसला आणि मग लालबुंद झाला. बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली, उन्हात गेलं की आग. ट्यूब एक दिवस नाही लावली की दुप्पट आग, म्हणून परत ट्यूब. सुमनाक्का म्हणाल्या, "बेळगावला दाखवू." शनिवारी शाळा सकाळची होती. माझी बहीण खासबागेत राहते, तिलाही भेटणं होईल म्हणून मीही बरोबर गेले.

डॉक्टरीणबाई खडेबाजाराच्या मागं बसायच्या. वयानं लहान, बोलायला फटकळ. त्यांनी भिंग लावून रेश्माचा गाल पाहिला आणि ट्यूब मागितली. पट्टी बघून टेबलावर आपटलीच.

"ही कुणी दिली?"

रेश्मा खाली बघत राहिली. सुमनाक्का म्हणाल्या, "मी."

"हिच्यात स्टेरॉइड आहे, आणि जोरदार आहे. खाज, सूज दाबून टाकतं, म्हणून जादू वाटते. नेमक्या आजारात, नेमके दिवस, आमच्या देखरेखीखाली वापरलं तर उत्तम औषध आहे. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. गजकर्णावर लावलं तर वरून गेल्यासारखं दिसतं आणि आतून अंगभर पसरतं. पापण्यांना लावलं तर डोळ्यांतला दाब वाढू शकतो."

सुमनाक्कांनी विचारलं, "लहान लेकराला?"

"लहान लेकराला तर नाहीच! लंगोटाखाली लावलं तर अंगात शोषलं जातं."

एवढं ऐकलं आणि सुमनाक्का उठून बाहेर गेल्या. त्यांना कोंडल्यासारखं झालं असेल असं मला वाटलं. आत डॉक्टरीणबाई बोलतच होत्या. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर लेकराचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, म्हणून तशा लेकराचं औषध घरच्या घरी एकदम तोडायचं नसतं, आधी डॉक्टरकडं आणायचं, नाहीतर जिवावर बेततं. मी ऐकलं. मान डोलावली. मग रेश्मा रडायला लागली, तिचा चेहरा ट्यूब थांबवल्यावर आणखी काही आठवडे भडकणार होता, त्याच्या गोळ्या, मलमं, वेळा, हे लिहून घेण्यात मी गुंतले. लक्ष्मीच्या बाळाचं नाव माझ्या डोक्यात आलं नाही.

परतताना बसमध्ये सुमनाक्का एकच वाक्य बोलल्या, "उद्यापासनं वाण परत आणायचं."

रविवारपासून आम्ही दोघी निघालो. यादी नव्हतीच. त्या ओट्यावर डोळे मिटून बसायच्या आणि संक्रांतीची सतरंजी आठवायच्या. "दारापाशी गिरणीवाली, तिच्याशेजारी कुलकर्णीबाई, मग पद्माक्का." त्याच क्रमानं घरं. दारात उभं राहून हात जोडायच्या, "माझं चुकलं. तेवढं वाण परत द्या."

तुम्ही कधी वाण परत मागून बघा! ओटीत घातलेलं कुणी परत नेत नाही. गिरणीवाली आधी हसली आणि मग तिचा चेहरा बदलला. "माझ्या कुंकवावर उठलासा व्हय आक्का?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. खिडकीतून ट्यूब अंगणात फेकली. सुमनाक्कांनी ती उचलून पिशवीत टाकली. पद्माक्कांनी ट्यूब बहिणीला चिकोडीला पाठवली होती. एकीच्या नवऱ्याच्या कमरेवरचं रुपयाएवढं गजकर्ण आता सबंध पाठभर होतं. एक पापण्यांना रोज लावत होती, तिला आम्ही त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन बसवलं. प्रत्येक घरातून निघताना सुमनाक्कांची चाल मंदावत होती. मी म्हटलं, बाकीच्यांना फोन करू. म्हणाल्या, "देताना फोनवर दिलतं काय?"

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही परत ओट्यावर बसलो. त्या मोजत होत्या. "कोपऱ्यात तुमी. तुमच्यापुढं लक्ष्मी. तिचं झालं."

"कसं झालं?"

"शनवारीच केला की फोन. डाक्टरीणबाई बोलल्या तसं मी भाईर जाऊन तिच्या भावाला सांगितलं, हाय तेवढ्या सगळ्या आत्ताच्या आत्ता चुलीत घाल म्हणून. घातल्या त्येंनी."

 ते जिवावर बेतण्याचं वाक्य आम्हा तिघींपैकी सुमनाक्कांनी ऐकलंच नव्हतं, आणि ऐकलेल्या मी ते तीन दिवस जवळ ठेवून घरोघर हिंडत होते. मी सांगितलं.  त्या उठल्या, दुकानात गेल्या, काउंटरवरचा फोन उचलला.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. अण्णा चिठ्ठी वाचत होते. भावानं फोन उचलला. सुमनाक्कांना कमी ऐकू येतं, त्यांचा फोन नेहमी मोठ्यानं लावलेला असे. सगळ्या दुकानाला ऐकू आलं.

"विराज कसा हाय रं?"

"काल रातीपासनं पीत न्हाई आक्का. दोनदा वकला. निपचित पडून हाय. आई म्हणतीया नजर लागली, एवढं गुबगुबीत लेकरू, सगळी बघत्यात. दृष्ट काढलीया. उद्या बघू."

"उद्या न्हाय. आत्ता बेळगावला आण."

फोन म्हातारीनं घेतला. तिची बाजू सरळ होती. पाऊस लागलाय, लेकराला अशात बाहेर काढायचं नाही, औषधानंच बिघडलं असेल तर औषध आता बंद आहे, मग आपोआप बरं होईल. तिचं सगळं शहाण्या माणसाचंच बोलणं होतं.

"काकू, ऐका. नजर न्हाय ती. माझी क्रीम हाय. ती लावून लेकराच्या अंगातलं बळ बंद पडलंय, आणि ती एकदम थांबवून मी दुसऱ्यांदा चुकलो. मीच दिलती. डाक्टरच्या चिठ्ठीबिगार दिलती. मला त्यातलं काय बी कळत न्हाय."

अण्णांनी गिऱ्हाइकांकडं पाहिलं आणि सुमनाक्कांना गप्प राहण्याची खूण केली. लायसन त्यांचं होतं, चाळीस वर्षांचं दुकान होतं. सुमनाक्कांनी त्यांच्याकडं पाठ केली आणि आवाज चढवला.

"पोलिसात द्या मला. दुकान बंद करा. उद्या दारात येऊन थुंका. पन आत्ता लेकराला गाडीत घाला काकू, पाया पडतो तुमच्या!"

पलीकडं फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग लक्ष्मीचा आवाज आला, "निघालो आक्का."

दुकानातलं एकही गिऱ्हाईक हललं नव्हतं. अण्णांनी चिठ्ठी खाली ठेवली, बाहेर गेले आणि शेजाऱ्याच्या गाडीची किल्ली घेऊन आले. गाडी त्यांनीच चालवली. मी मागं बसून डॉक्टरीणबाईंना फोन लावत होते. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, फक्त कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "मी पोचते. त्यांना सांगा, वाटेत कुठंही थांबू नका." लक्ष्मीच्या भावाला मी तेवढं कळवलं, आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला. हायवेवर पाऊस एवढा की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नव्हते. सुमनाक्का पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या.

आम्ही आधी पोचलो. पाऊण तास दवाखान्याच्या दारात उभे होतो. प्रत्येक रिक्षाला, प्रत्येक गाडीला सुमनाक्का एक पाऊल पुढं व्हायच्या आणि मागं यायच्या. शेवटी एक टेंपो आला. लक्ष्मी उतरली. पोराचे गाल पुरीसारखे फुगलेले, कपाळावर दाट लव, आणि मान मात्र तिच्या दंडावरून लोंबत होती. ती सुमनाक्कांच्या समोरून गेली. बघितलं नाही, बोलली नाही.

आत काय काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. रक्तातली साखर फार खाली गेली होती. सलाइन लावलं, आणि जे औषध अंगातून तुटलं होतं तेच शिरेतून मोजून दिलं. आम्ही बाहेर. बाकडं रिकामं होतं तरी सुमनाक्का फरशीवर बसल्या. दिवस मावळला. त्या सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, आणि मी शाळेत असताना एकट्याच घरोघर फिरल्या त्यात जेवणही राहिलं होतं. मी पाणी दिलं, ते नको म्हणाल्या. मग म्हणाल्या,

"मुंगीला बी जपलं ओ मी. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवाला जपलं. आणि हे लेकरू मला दिसत हुतं. गाल ओढला मी त्याचा."

मी म्हटलं, "मी ऐकलं होतं आक्का. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"तुमी सांगितलं न्हाय, मी थांबून ऐकलं न्हाय. पन दिली मी." 

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सुमनाक्कांकडं पाहिलं, मला वाटलं आता फाडून खाणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "रडला. जोरात रडला." मग सांगितलं की धोका आजचा टळला, पण शरीर स्वतःचं औषध बनवायला शिकेपर्यंत महिने लागतील. तोवर गोळीचा बारीक अंश रोज द्यायचा, हळूहळू कमी करत न्यायचा. ताप आला की लगेच वाढवायचा, आणि चुकवायचा नाही.

चुकवला गेला नाही. दर पंधरा दिवसांनी लक्ष्मी बाळाला घेऊन बेळगावला यायची आणि सुमनाक्का निपाणीहून जायच्या. गोळीची पूड कशी करायची, ती किती पाण्यात कालवायची, हे त्यांनी डॉक्टरीणबाईंसमोर तीन-तीनदा करून दाखवलं, आणि दर वेळी विचारलं, "बरोबर हाय न्हवं?" दुकानातलं दुपारचं बसणं त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं. अण्णांनी दुपारची झोप सोडली. चिठ्ठीशिवाय त्या ट्यूबा मिळेनात म्हणून गिऱ्हाइकं दुसरीकडं वळली. काही बायका रस्त्यात भेटल्या की तोंड फिरवायच्या, आणि त्यात ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं त्याच जास्त होत्या. सुमनाक्का ओट्यावर बसून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्या लेकुरवाळीला थांबवायच्या, खोक्यातला कागद वाचून घ्या म्हणायच्या. मलाही त्यांनी दोन वेळा तो कागद मोठ्यानं वाचायला लावला.

विराज सुधारू लागला तशी एक वेगळीच आफत आली. औषध उतरू लागलं, सूज गेली, गाल बसले, मांड्यांच्या वळ्या नाहीशा झाल्या. डॉक्टर खूश. पण नंदगडकडचे लोक म्हणायला लागले, केवढं गुटगुटीत पोर होतं, त्या निपाणीच्या बाईनं औषध बंद करून वाळवलं. लक्ष्मीची आई तर दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाली, "आधी बाधा केली, आता हाडं केली." मला राग आला, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सुमनाक्कांनी माझा दंड दाबला. लक्ष्मी यातलं काही बोलत नसे. ती सुमनाक्कांशीच बोलत नसे. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायची, गोळ्या घ्यायची, उठायची. आणि सुमनाक्का त्या सगळ्या महिन्यांत बाळाला एकदाही शिवल्या नाहीत. ते हसलं तरी हात पदराखाली घेऊन उभ्या राहायच्या.

माझी बदली खानापूर तालुक्यात झाली त्या महिन्यातली ही शेवटची भेट. सकाळी आठ वाजता विराजचं रक्त घेतलं होतं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "याचं शरीर आता स्वतःचं स्वतः बनवतंय. गोळी बंद." सुमनाक्कांनी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. "एकदम बंद? नक्की?"

बेळगावच्या बसस्टँडवर आम्ही चौघं बाकावर बसलो. मी, सुमनाक्का, लक्ष्मी, आणि लक्ष्मीच्या मांडीवर वर्ष-सव्वा वर्षाचा, काटकुळा, एक मिनिट स्वस्थ न बसणारा विराज. खानापूरची गाडी लागली. गर्दी धावली. लक्ष्मी उठली, पिशवी खांद्याला लावली, पदर खोचला, आणि खिडकीतून जागा धरायची म्हणून काहीएक विचार न करता पोर सुमनाक्कांच्या मांडीवर ठेवलं.

"धरा जरा," म्हणाली आणि गाडीकडं पळाली.

सुमनाक्कांचे हात क्षणभर वरच राहिले. पोर घसरू लागलं तसे त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. त्यानं पाय झाडले, त्यांचा चष्मा ओढला. त्यांनी सदऱ्यावरून बोटं फिरवली, खाली, वर, परत खाली. मग माझ्याकडं वळल्या. सगळ्या बसस्टँडवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडल्या.

"बाई, बरगड्या लागत्यात ओ हाताला! एकूण एक लागत्यात!"